ऊन खाणारे जीव आणि हिवाळ्यातली दलदल

जानेवारीतली सकाळ, साडेनऊचा सुमार. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात शार्क व्हॅली नावाची जागा आहे. तिथल्या डांबरी वाटेच्या कडेला आई उभी होती. अंगात माझं जाकीट, त्यावर तिची शाल, कानाला मफलर. आदल्या रात्री पारा ७ अंशांवर उतरला होता. समोर सात-आठ पावलांवर मगरीसारखा दिसणारा, चांगला आठ फुटांचा अ‍ॅलिगेटर गवतावर पोट टेकून पडलेला. पापणी हलत नव्हती, पोट वरखाली होताना दिसत नव्हतं. शेजारचा एक लहान मुलगा वडिलांना विचारत होता, हा खरा आहे की प्लास्टिकचा? मलाही क्षणभर वाटलं, थंडीनं गेला की काय.

आई माहेरची भिलवडीची, कृष्णाकाठची. ती म्हणाली, "मेला कशाला असेल गं? ऊन खातोय तो. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला दहा वाजले की मळीवर वर येऊन अश्शाच पडतात मगरी."

ऊन खातोय. आपण हा शब्दप्रयोग ओट्यावर बसलेल्या आजोबांसाठी करतो, नाहीतर तान्ह्या बाळासाठी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा आहे. आपण जे काम अन्नाकडून करून घेतो, त्यातलं बरंचसं काम ते उन्हाकडून करून घेतात. थंडी आली की त्यांचं काय होतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

शाळेत आपण "शीत रक्ताचे प्राणी" असं शिकलो. हे नाव दिशाभूल करतं. दुपारच्या उन्हात तापलेल्या सरड्याचं रक्त कधीकधी आपल्या रक्ताइतकं, तर काही वाळवंटी जातींत त्याहूनही गरम असतं. फरक आहे तो ऊब कुठून येते यात. माणूस, गाय, चिमणी यांच्या शरीरात चोवीस तास चूल पेटलेली असते. बाहेर ५ अंश असोत की ४० अंश, आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास राहतं आणि ते तिथं ठेवण्यासाठीच आपण खाल्लेल्यातला मोठा वाटा जळतो. साप, सरडे, कासवं, मगरी यांच्या घरात ही चूल जवळजवळ नाहीच. ते ऊब बाहेरून उसनी आणतात: उन्हातून, तापलेल्या खडकातून, कोमट पाण्यातून.

हा व्यवहार मागासलेला वाटतो, पण तो अतिशय काटकसरीचा आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं अन्न लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात, कधी त्याहूनही कमीत, सरपटणाऱ्या प्राण्याचं भागतं. म्हणून अजगर एकदा पोटभर जेवला की कित्येक आठवडे आणि मोठा अ‍ॅलिगेटर कित्येक महिने उपाशी राहू शकतो. आपल्याला दोन वेळा जेवण चुकलं की हात थरथरतात. या काटकसरीची किंमत एकच: बाहेर ऊब नसेल तर उधार मिळत नाही, आणि उधार मिळालं नाही की सगळं घर बंद पडतं.

बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? शरीरातली प्रत्येक गोष्ट शेवटी रासायनिक क्रिया आहे. स्नायू आखडणं, अन्न पचणं, डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचणं, जखम भरणं, सगळंच. आणि या क्रियांचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ हिशोब असा, की शरीराचं तापमान १० अंशांनी उतरलं की हा वेग निम्म्यावर, काही बाबतींत तिसऱ्या हिश्शावर येतो. ३० अंशांवर चपळ असलेला प्राणी २० अंशांवर मंद होतो, १० अंशांवर जेमतेम जिवंत दिसतो. हृदयाचे ठोके मिनिटाला मोजके उरतात. श्वास दोन-दोन मिनिटांत एकदा. आम्ही त्या अ‍ॅलिगेटरचं पोट हलताना पाहिलं नाही, कारण आम्ही पुरेसा वेळ थांबलोच नव्हतो. पुढे थांबलो तेव्हा दिसलं.

यात सगळ्यात आधी अडतं ते पचन. फ्लोरिडातल्या वन्यजीव खात्याची माहिती सांगते, की हवा साधारण २१ अंशांच्या खाली गेली की अ‍ॅलिगेटर खाणं थांबवतात आणि १३ अंशांच्या खाली गेली की निपचित होतात. कारण साधं आहे. पोटात मांस आहे आणि पाचकरस कामच करत नाहीत, तर ते मांस तिथंच कुजणार. थंडीनं गाठलेले साप गिळलेलं भक्ष्य ओकून टाकतात ते याच भीतीपोटी. भीती म्हणजे त्यांना कळतं असं नव्हे. लाखो वर्षांत शरीरात बसलेली ती सवय आहे. घरी साप किंवा कासव सांभाळणाऱ्या लोकांना हा धडा बहुतेक वेळा उशिरा मिळतो. हिवाळ्यात जनावर मंद झालं की ते अशक्त झालं म्हणून त्याला जास्त खायला घालतात आणि त्यातच ते जातं.

आता त्या सुस्त पडलेल्या अ‍ॅलिगेटरकडे पुन्हा पाहू, कारण तो सुस्त नाहीच. तो कामावर आहे. त्याच्या पाठीवर ज्या खवल्यांच्या रांगा दिसतात, त्यांच्या आत हाडांच्या चकत्या आहेत आणि त्या चकत्यांमध्ये रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. पाठ म्हणजे चिलखत आहेच, शिवाय ती सौर पाण्याच्या बंबासारखंही काम करते. ऊन पडलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, हृदय जोरात चालू लागतं आणि तापलेलं रक्त भराभर आत पाठवलं जातं. ऊन गेलं, गारवा सुरू झाला की उलट: बाहेरच्या वाहिन्या आखडतात, हृदय मंदावतं, आतली ऊब आत कोंडली जाते. म्हणजे हा प्राणी लवकर तापतो आणि सावकाश निवतो. शिवाय देह जेवढा मोठा तेवढा निवायला वेळ. पाण्याचा तांब्या आणि पाण्याचा हंडा एकाच वेळी चुलीवरून उतरवा, हंडा रात्रभर कोमट राहील. हातभर लांबीचं पिल्लू एका थंड रात्रीत गारठतं, बारा फुटी नर दोन-तीन रात्री तग धरतो.

हे सगळं काम उन्हाच्या मोजक्या तासांत उरकायचं असतं. हिवाळ्यात दिवस लहान, सूर्य तिरका, वर ढग आले तर तेही गेलं. अशा वेळी कुणी जवळ जाऊन फोटोसाठी त्याला पाण्यात पळायला लावलं, तर त्याची सकाळभराची कमाई पाण्यात गेली. माझ्या या लेखामागची खरी कळकळ ही आहे. आपल्याला तो नुसता पडलेला दिसतो, म्हणून त्याला उठवण्यात काही गैर वाटत नाही.

थंडी या प्राण्यांशी किती वेगवेगळी वागते, ते २०१० च्या जानेवारीत दक्षिण फ्लोरिडानं पाहिलं. एरवी तिथं उत्तरेकडून थंड वारे येतात, दोन-तीन रात्री गारवा राहतो आणि पुन्हा पंचविशीतली दुपार सुरू होते. त्या वर्षी थंडी जवळजवळ दोन आठवडे मुक्कामाला राहिली. एकाच दलदलीत राहणारे तीन मोठे प्राणी त्या तडाख्यात सापडले, आणि तिघांची गत तीन तऱ्हांची झाली.

पहिला बर्मी अजगर. हा मूळचा आग्नेय आशियाचा आणि आपल्या ईशान्य भारताकडचा. अमेरिकेत पाळीव प्राणी म्हणून आणला गेला, सुटला किंवा सोडला गेला आणि एव्हरग्लेड्समध्ये इतका वाढला, की काही भागांत रकून आणि ओपॉसम हे तिथले लहान सस्तन प्राणी दिसेनासे झाले. संशोधकांनी अशा १० अजगरांच्या अंगात रेडिओ यंत्रं बसवली होती. त्या थंडीत १० पैकी ९ मेले. त्यातले काही मोकळ्यावर सापडले. गार वाटलं की उन्हात यायचं, ही उष्ण मुलखातली सवय त्यांनी पाळली. पण ऊन तोकडं होतं, हवा बोचरी होती, आणि उघड्यावर त्यांनी मिळवली त्याहून जास्त ऊब गमावली.

दुसरा अमेरिकन क्रोकोडाइल. मराठीत आपण दोघांनाही मगर म्हणतो, पण अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल ही वेगळी कुळं आहेत, आणि हे दोन प्राणी निसर्गात एकत्र राहतात अशी जगातली एकमेव जागा म्हणजे दक्षिण फ्लोरिडा. क्रोकोडाइल कॅरिबियन बेटांचा आणि मध्य अमेरिकेचा रहिवासी, फ्लोरिडा ही त्याच्या राज्याची उत्तरेकडची शेवटची वेस. २०१० मध्ये दीडशेच्या आसपास क्रोकोडाइल मेलेले सापडले. जेमतेम सावरलेल्या, धोक्यातल्या जातीसाठी हा आकडा मोठा होता.

तिसरा अ‍ॅलिगेटर. तो जवळजवळ सुखरूप राहिला. त्याला हिवाळा नवीन नाही. त्याची जात थेट उत्तर कॅरोलायनापर्यंत पसरलेली आहे, जिथं तळ्यांवर बर्फ धरतो, आणि त्याचा एकमेव जिवंत भाऊबंद, चिनी अ‍ॅलिगेटर, यांगत्सेच्या खोऱ्यात वर्षाचे सहा-सहा महिने बिळात झोपून काढतो. कडाक्याच्या थंडीत हवा पाण्यापेक्षा लवकर गार होते, म्हणून अ‍ॅलिगेटर पाण्याच्या तळाशी किंवा काठाला खणलेल्या ढोलीत जातो आणि फक्त श्वासापुरता वर येतो. क्रोकोडाइलला गारठलेल्या पाण्यात हा तोल सांभाळणं फार कमी जमतं. ऊन कधी खायचं आणि कधी उन्हाचा मोह सोडून खाली दडायचं, हे ज्याच्या रक्तात आहे तो वाचला.

इथं मला भरतपूर आठवतं. राजस्थानातल्या त्या केवलादेव उद्यानात आपल्याकडची पक्षी पाहणारी मंडळी दर हिवाळ्यात जातात. तिथला भारतीय अजगर बर्मी अजगराचा अगदी जवळचा नातलग, आणि तिथल्या डिसेंबरच्या रात्री फ्लोरिडापेक्षा वरचेवर गार. तरी तो पिढ्यान् पिढ्या तगून आहे, कारण त्याच्याजवळ बीळ आहे. साळिंदरांनी खणलेल्या खोल बिळात तो रात्र काढतो. जमिनीखाली दोन-तीन हातांवर तापमान फारसं हलत नाही. उन्हं चांगली वर आली की बिळाच्या तोंडाशी वेटोळं घालून बसतो आणि ऊन उतरलं की आत. ही शिस्त पाहायला मिळते म्हणून पर्यटक तिथं गर्दी करतात, आणि गर्दी फार जवळ आली की अजगर भर उन्हाच्या वेळी बिळात शिरतो. ऊन खाणाऱ्या प्राण्याला उठवण्याचा तो प्रकार इथंही आहेच.

फ्लोरिडातल्या इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्यांची गोष्ट जगभर पोचली ती जरा गमतीदार बातमी म्हणून. २१ जानेवारी २०२० रोजी मायामीच्या हवामान कार्यालयानं नागरिकांना सावध केलं होतं, की आज रात्री झाडावरून इग्वाना पडताना दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका. हिरवा इग्वानाही बाहेरचाच, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो रात्री फांदीला धरून झोपतो. पारा ७ अंशांच्या आसपास आला की स्नायू आखडतात, पकड सुटते आणि पाच-पाच फुटांचं जनावर धाडकन खाली येतं. त्यातले बरेच जिवंत असतात. दया येऊन कुणी त्याला गाडीत घेतलं तर हीटरच्या उबेनं ते दहा-पंधरा मिनिटांत जागं होतं, आणि घाबरलेल्या इग्वानाच्या शेपटीचा फटका आणि दात दोन्ही वाईट असतात. ऊन येईपर्यंत जिथं आहे तिथं राहू देणं हेच बरं.

त्याच रात्रीनं संशोधकांना एक वेगळीच गोष्ट दाखवली. मायामीतल्या वेगवेगळ्या जातींच्या सरड्यांची थंडी सोसण्याची ताकद त्यांनी आधीच मोजून ठेवली होती. काही जाती नाजूक, काही काटक. थंडीच्या लाटेनंतर वाचलेले सरडे पुन्हा मोजले, तर सगळ्या जाती जवळपास सारख्याच निघाल्या, साधारण साडेपाच अंशांपर्यंत तग धरणाऱ्या. एका रात्रीनं इतकं बदलू शकतं, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते.

समुद्री कासवांना मात्र मदत लागते. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की ती पोहू शकत नाहीत, पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि लाटांसोबत किनाऱ्याला लागतात. २०१० मध्ये फ्लोरिडात साडेचार हजारांहून जास्त कासवं अशी सापडली. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासच्या किनाऱ्यावर १२,००० हून जास्त. साउथ पॅड्रे बेटावर लोकांनी आपल्या गाड्यांतून, होड्यांतून कासवं आणली आणि तिथलं सभागृह कासवांनी भरून गेलं. जमिनीवर रांगेनं मांडलेली शेकडो हिरवी कासवं, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरी वीज नव्हती अशी माणसं त्यांच्यासाठी धावपळ करत होती. असं कासव कुठंही दिसलं तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. ते बुडून मरतं. कोरड्या जागी ठेवून वनखात्याला किंवा कासव वाचवणाऱ्या संस्थेला कळवावं.

उत्तरेकडे, जिथं हिवाळा दरवर्षी ठरलेला आहे, तिथल्या जाती मात्र थक्क करतात. २०१८ च्या जानेवारीत उत्तर कॅरोलायनातल्या एका दलदलीच्या उद्यानातली चित्रं सगळीकडे फिरली होती: गोठलेलं तळं आणि बर्फातून वर आलेली फक्त नाकाडं. पाणी गोठायच्या बेतात आहे हे कळताच अ‍ॅलिगेटर नाकपुड्या पाण्याबाहेर धरतो आणि बर्फ त्याच्या नाकाभोवती धरतो. खाली सगळं शरीर पाण्यात लोंबकळत असतं. हे जमतं ते पाण्याच्या एका विचित्र स्वभावामुळे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे ते तळाशी जातं आणि त्याहून गार पाणी वर येऊन गोठतं. वर बर्फाचं झाकण, खाली न गोठलेलं पाणी. अ‍ॅलिगेटर त्या अवस्थेत दिवसेंदिवस राहतो, आणि बर्फ वितळला की काही झालंच नाही अशा थाटात उन्हाला येतो.

अमेरिकेत तळ्या-तळ्यांत आढळणारं पेंटेड कासव तर नाकही बाहेर काढत नाही. बर्फाखाली, चिखलात, ऑक्सिजन जवळपास संपलेल्या पाण्यात ते तीन-तीन महिने काढतं. ऑक्सिजनशिवाय शरीर चालवलं की आम्ल साठतं, आपण जिना पळत चढल्यावर पोटऱ्या दुखतात तो याचाच छोटा नमुना. हे कासव आपल्या पाठीच्या ढालीतला चुना विरघळवून ते आम्ल मारतं. आणि हे शक्य होतं ते थंडीमुळेच. शरीराचा सगळा कारभार इतका मंदावलेला असतो की खर्चच नगण्य. म्हणजे ज्या थंडीनं अजगर मेला, तीच थंडी या कासवाला तारते.

या सगळ्याला शीतनिद्रा म्हणावं का? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या या अवस्थेसाठी शास्त्रज्ञ ब्रुमेशन असा वेगळा शब्द वापरतात. आपली पुण्याची घरातली पाल डिसेंबरात ट्यूबलाइटच्या मागून बाहेर येत नाही, तशीच ही अवस्था. पाल गाढ झोपलेली नसते. दुपारी भिंत तापली तर येऊन एखादा किडा उचलते, पुन्हा आत. साप आणि कासवंही उबदार दिवशी बाहेर येऊन पाणी पितात, ऊन खातात. म्हणून थंडी पडली म्हणजे साप नाहीत असं धरून चालू नये. आपल्याकडे घोणसाचा मीलनकाळच हिवाळ्यात असतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवून पाहणारे लोक उगाच तसं करत नाहीत.

मग माणसानं दलदलीत जायचं कधी? माझं उत्तर: हिवाळ्यातच.

एव्हरग्लेड्सला मूळ रहिवासी पा-हाय-ओकी म्हणतात, म्हणजे गवताळ पाणी. ओकिचोबी सरोवरातून निघालेलं पाणी पूर्वी एका प्रचंड रुंद, गुडघाभर खोल चादरीसारखं दक्षिणेला सरकत असे. जमीन इतकी सपाट, की उद्यानातला सर्वांत उंच बिंदूही समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ फूट आणि पाण्याचा वेग दिवसाला तीसेक मीटर. मे ते ऑक्टोबर धो-धो पाऊस, वीज, आणि डास असे की तोंड उघडता येत नाही. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरडा काळ. दुपारी २५ अंश, डास बेताचे, आणि पाणी हळूहळू आटत जाणारं.

पाणी आटणं हीच इथली जत्रा. पसरलेलं पाणी डबक्या-डबक्यांत गोळा होतं, त्यातले मासे दाटीवाटीनं अडकतात आणि त्यांच्यावर बगळे, चित्रबलाकांचे अमेरिकन भाऊबंद, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी, पाणकावळ्यासारखे अनहिंगा तुटून पडतात. यातली कित्येक डबकी अ‍ॅलिगेटरनं स्वतः राखलेली असतात. तो नाकाडानं आणि शेपटीनं चिखल, पाला उपसत राहतो, त्यामुळे आजूबाजूला सगळं कोरडं झालं तरी तिथं पाणी उरतं. कासवं, गोगलगायी, पाणमांजरं, सगळी त्याच्या आश्रयाला येतात. थंडीची लाट असेल तर भरल्या पंगतीत यजमान एकटा उपाशी. ऊन चढलं, अंग तापलं, की मग तोही जेवतो.

डांबरी वाटेवरून हे सारं दिसतं. पण दलदल कळते ती पाण्यात उतरल्यावर. उद्यानाचे रेंजर हिवाळ्यात लोकांना सायप्रस नावाच्या झाडांच्या राईत पायी नेतात. लांबून ही राई टेकडीसारखी दिसते. जमीन मात्र मध्ये उंच नसून खोल असते. तिथं पाणी आणि माती जास्त, म्हणून मधली झाडं उंच. सायप्रस सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं टाकतो. त्यामुळे आत शिरल्यावर काळोख नसतो, वरून स्वच्छ ऊन झिरपत असतं, फांद्यांवर अननसाच्या कुळातली बांडगुळासारखी दिसणारी झाडं, आणि पाणी चहाच्या रंगाचं पण आरपार. पहिल्या पावलाला पाणी बुटात शिरतं तेव्हा जीव वर येतो. दहा मिनिटांनी त्याची सवय होते. पंधराव्या मिनिटाला लक्षात येतं की बराच वेळ कुणीच बोललेलं नाही.

तयारी थोडीच लागते, पण ती नीट हवी. जीन्स नको, भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढत राहतं. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगानं शरीराची उष्णता पळवतं, त्यामुळे १६-१७ अंशांच्या पाण्यात तासभर चालल्यावर धडधाकट माणसाचेही पाय बधिर होतात. लवकर वाळणारी लांब विजार, नाडीचे जुने बूट, आणि कोरड्या कपड्यांचा जोड पाठीवर घट्ट पिशवीत. आई बरोबर होती तेव्हा आम्ही पाण्यात उतरलो नाही. हातात काठी हवीच, आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी काठी टाकायची. खाली चुनखडीचा दगड आहे, पाण्यानं त्यात खड्डे केलेले असतात, वर शेवाळाचा मऊ थर, त्यामुळे खड्डा दिसत नाही. बसायला बुंधा शोधला तर आधी नीट पाहायचं. कॉटनमाउथ नावाचा विषारी साप हिवाळ्यात अशाच उन्हातल्या बुंध्यावर येऊन बसतो. त्यालाही तेच ऊन हवं असतं.

अ‍ॅलिगेटरपासून किमान १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर अंतर ठेवा, असा उद्यानाचा नियम आहे. मी स्वतः त्याच्या दुप्पट ठेवते. थंडीत तो मंद असतो हे खरं, पण तास-दोन तास ऊन खाल्लेला अ‍ॅलिगेटर मंद नसतो, आणि नुसतं बघून कुणी किती तापलाय ते आपल्याला कळत नाही. तो फुसफुसला किंवा त्यानं तोंड वळवलं, तर आपण जास्त जवळ आलो आहोत. उन्हाच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहू नये, सावली पडते. त्याला काही खायला टाकणं तर फ्लोरिडात कायद्यानं गुन्हा आहे.

त्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. उन्हं लांबली होती, वाऱ्याला पुन्हा धार आली होती, आईनं शाल कानावर ओढून घेतली. सकाळच्या जागी तो अ‍ॅलिगेटर अजून होता, पण पाय हलायला लागले होते. दिवसभर तापलेलं उथळ पाणी आता हवेपेक्षा उबदार होतं. त्यानं मान उचलली, चार पावलं टाकली आणि आवाज न करता आत सरकला. पाण्यावर दोन डोळे राहिले, मग तेही खाली गेले.